कॅमेऱ्याच्या बाजूला

"पुन्हा लाव," दिग्दर्शक म्हणाला.

एडिटरने शॉट पुन्हा लावला. पडद्यावर फक्त तिचा चेहरा. लग्न झालेली बाई, नवऱ्याला सोडून दुसऱ्यावर जीव जडलेली. त्या दुसऱ्याला ती पहिल्यांदा मनातलं सांगते, असा तो प्रसंग होता. ती बोलता बोलता थांबते, कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे पाहते आणि हसते.

ती दिग्दर्शकाची बायको होती. शूटिंग संपल्यावर थोड्याच दिवसांत ती आजारात गेली. सिनेमाचं एडिटिंग अजून अर्धवटच होतं.

"हा अभिनय नाही," दिग्दर्शक म्हणाला. "अभिनय करताना ती कशी हसते ते मला ठाऊक आहे. हे हसू घरातलं आहे. आणि घरात ते मी शेवटचं कधी पाहिलं, आठवत नाही."

"वहिनी कामच तसं करायच्या, दादा."

"मला शिकवू नकोस. समोर हिरो उभा होता ना?"

एडिटरने शॉट थांबवला. अशा शॉटमध्ये समोरचा नट दिसत नाही. तो कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून आपली वाक्यं म्हणतो, म्हणजे बोलणारीला सोपं जातं. नट निघून गेला असेल तर हाताला लागेल तो माणूस वाचतो. नंतर तो आवाज काढून टाकतात.

"तुम्ही होतातच की सेटवर."

"अंगात ताप होता. गोळ्या गिळून कसाबसा उभा होतो. त्या दिवसाचं मला काहीएक आठवत नाही." दिग्दर्शकाने चष्मा पुसला. "संध्याकाळी त्याच्या घरी जातोय. त्याच्या बायकोसमोर विचारणार. सिनेमा गेला खड्ड्यात."

"त्यांचं धाकटं पोर तुमच्या मांडीवर खेळलंय."

"म्हणूनच तर."

एडिटरने खुर्ची वळवली. "मला दुपारपर्यंत वेळ द्या. मूळ आवाज शोधतो. समोर कोण होतं ते तुमच्या कानांनी ऐका, मग जा हवं तिथे."

"आणि तोच निघाला तर?"

"तर गाडी मी काढतो."

दिग्दर्शक चहा प्यायला म्हणून गेला तो जेवणाची वेळ टळल्यावरच परतला. जेवलेला दिसत नव्हता. एडिटरने शॉट लावला.

ती बोलली. मग कॅमेऱ्याच्या बाजूने पुरुषाचा आवाज आला. कागदावरून वाचणारा, सपाट. "तू थांबणार असशील तर मीही थांबतो."

ती हसली.

दिग्दर्शक उठून उभा राहिला. "हा मी आहे."

"हिरो लवकर गेले होते. वाक्यं तुम्हीच वाचलीत, दादा."

"मी कागदात डोकं खुपसून बसलो असणार." त्याने चष्मा काढला. "ती माझ्याकडे बघत होती, आणि मी मान वर केली नाही रे. त्या बिचाऱ्या हिरोवर संशय घेतला. तिच्यावर घेतला. गाढव आहे मी, गाढव!"

"ताप होता तुम्हाला."

"ताप होता म्हणे." तो रडता रडता हसला. रुमालाने तोंड पुसलं आणि पडद्याजवळ गेला. "या शॉटला हात लावायचा नाही. सिनेमा इथेच संपवू."

"बरं."

दारातून तो मागे वळला. "तुझं फार कौतुक होतं तिला. म्हणायची, माणूस कमी बोलतो, पण जपतो."

दार लागलं. पावलं जिना उतरून गेली. एडिटरने शॉटखाली सकाळी जोडलेला आवाजाचा तुकडा काढून टाकला. शूटिंगच्या आधी सगळे मिळून संहिता वाचायला बसले होते, तेव्हा हिरोला उशीर झाला म्हणून दिग्दर्शकाने त्याची वाक्यं वाचली होती. तो तुकडा त्या वाचनाच्या रेकॉर्डिंगमधला होता.

मग एडिटरने मूळ आवाज लावला आणि त्या दिवशी कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून स्वतः तिला म्हटलेली वाक्यं शेवटपर्यंत ऐकली. त्यातली निम्मी संहितेत नव्हती.