सातवा शिंपला

"सगळ्यांनी ऐकायचं म्हंजे तुमीपण ना, बाबा?" केतनने विचारलं.

महादू तांडेल हसला. नियम त्यानेच मांडला होता: जो जिंकेल, त्याचं बोटीबद्दल सगळ्यांनी ऐकायचं. उद्या नारळी पौर्णिमा. शिरगावच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेली बोट पाण्यात लोटायची, की एडवणच्या गिऱ्हाइकाला देऊन टाकायची, ते आज ठरणार होतं.

समुद्रावर बोटीचा प्रमुख म्हणून तांडेलाचा शब्द शेवटचा. तिथे पोरांनी ब्र काढायचा नाही. म्हणून मासेमारी बंद असली की घरात हा खेळ चाले. पाळीपाळीने नवा नियम मांडायचा, नाहीतर जुना बदलायचा. तिघांपैकी दोघांचे हात वर झाले की मांडणाऱ्याला एक शिंपला. ज्याचे आधी सात होतील, तो जिंकला.

केतन बोईसरच्या कारखान्यात कामाला. बोट विका, म्हणून त्याने टुमणं लावलं होतं. त्याची बहीण हंसा मात्र बापाबरोबर समुद्रावर जायची. गेल्या हंगामाच्या शेवटच्या फेरीत तर सुकाणू धरून तिनेच बोट परत आणली. बाबा दमून झोपले होते, असं तिने किनाऱ्यावर सांगितलं. महादूही तेच सांगे. गावाने तिची पाठ थोपटली.

आता पाळी हंसाची होती. तिने नियम नीट करून घेतला: तांडेलानेही ऐकायचं, आणि बोट पाण्यात गेल्यावरसुद्धा. महादूने खुशीत हात वर केला. हंसाचे सहा झाले.

केतनला आपली हार दिसत होती. दिवाळीनंतर निर्णय बदलता यावा, असा नियम त्याने मांडून पाहिला. त्याचा एकट्याचाच हात वर राहिला.

महादू आपले शिंपले चाळवत होता. एक डाव्या हातातून निसटला. केतनचं लक्ष जाण्याआधी हंसाने तो उचलून बापाच्या उजव्या हातात दिला. महादूने आपली पाळी सोडून दिली. पोर जिंकली काय नि तो जिंकला काय, त्याच्या लेखी एकच होतं.

पाळी पुन्हा हंसाची आली. आता माघार घ्यावी, असं क्षणभर तिला वाटलं.

"जिंकणाऱ्याचं म्हणणं कोणी कदी बदलायचं नाय," ती म्हणाली. "पुन्ना खेळूनपण नाय."

"यानं सगळेच अडकतील," केतन कुरकुरला.

"अडकू दे. तांडेलाचा शब्द हाय," महादू म्हणाला आणि उजवा हात वर केला. डावा मांडीवर तसाच पडून होता.

सातवा शिंपला त्याने स्वतः लेकीपुढे सरकवला. त्याचे डोळे भरून आले होते.

"सांग आता तुज्या भावाला," तो म्हणाला.

हंसाने त्याचा डावा हात उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्या शेवटच्या फेरीपासून त्याची बोटं नीट मिटत नव्हती.

"केतन," ती म्हणाली, "एडवणला फोन लाव. म्हणावं, उद्याच येऊन बोट घेऊन जा."