डेन्मार्क परत आला नाही

"डेन्मार्क परत आला नाही, बाबा. एकदा युती सोडली ती सोडली. म्हणा बघू."

"आला गं," श्रीनाथराव शांतपणे म्हणाले. "पोल्टाव्हाच्या लढाईत रशियाने स्वीडनला हरवल्यावर सगळेच परत आले. डेन्मार्क आला, सॅक्सनी आलं."

नंदाने घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा. अकराला कोर्टाने नेमलेली डॉक्टर यायची होती, आणि तीनशे वर्षांपूर्वीचा डेन्मार्क अजून ऐकायला तयार नव्हता.

तिच्या सासऱ्यांनी इथेच, बाड हॉम्बुर्गला, एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला होता. सासूबाई गेल्यावरही ते या घरात एकटे राहत, स्वतःपुरतं रांधत, कढीपत्त्याच्या कुंडीला हिवाळ्यात गोधडी गुंडाळत. सगळं ठाकठीक होतं. मग फेब्रुवारीत गावातल्या एका व्याख्यानात त्यांनी उत्तरेतल्या त्या मोठ्या युद्धाचा शेवटच उलटा सांगितला. तेवढ्यावर थांबते तर लोकांनी जीभ घसरली म्हणून सोडून दिलं असतं. पण ते पाऊण तास श्रोत्यांशी भांडले. कोणीतरी वर कळवलं, आणि तीन मुकुटांचा शिक्का मारलेलं जाडजूड पाकीट घरी आलं. हे गृहस्थ एकटे राहू शकतात का, ते तपासायचं होतं. नाही ठरलं, तर वृद्धांच्या हाइममध्ये रवानगी.

मिहीरने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, पाकीट बघूनच हाय खाल्ली आणि सोबतचा अर्ज मुकाट्याने भरून पाठवला. नंदाने मात्र आठ दिवस ऑफिसातून सुट्टी काढली. लग्न होऊन ती आली तेव्हा याच टेबलाशी बसून बाबांनी तिला जर्मन शिकवलं होतं, एकदाही न चिडता. आता ती त्यांना शिकवत होती आणि सारखी चिडत होती.

"तुम्हाला जे वाटतं ते मनात ठेवा ना, बाबा. बाईंपुढे फक्त पुस्तकातलं बोला. आणि त्या शहराचं नाव तर अजिबात काढायचं नाही."

ते शहर हे दुसरं दुखणं. बाबा नातीला, उर्जाला, त्याच्या गोष्टी सांगायचे. दलदलीवर बांधलेलं, कालव्यांचं, पुलांचं. जूनमध्ये तिथे रात्रीही पुरता अंधार होत नाही म्हणे. पोरीने त्याचं चित्रही काढलं होतं. नंदाने ते कालच तिच्या स्वीडिशच्या वह्यांखालच्या नकाशांच्या पुस्तकात दडपून ठेवलं होतं.

"मी खोटं बोलू?" बाबांनी विचारलं.

"घर वाचवायला तह करा, म्हणते मी. तुमच्या त्या सगळ्या राजांनी केलेच की."

बाबा पहिल्यांदा हसले. "हे मात्र बरोबर बोललीस."

डॉक्टर लिंडक्विस्ट अकराच्या ठोक्याला आल्या. बाहेर चौकात निळ्या-पिवळ्या पताका लागल्या होत्या, त्यामुळे गाडी लावायला जागा मिळेना, एवढंच त्या बोलल्या आणि फाइल उघडून बसल्या. तारीख झाली, वार झाला. शंभरातून सात-सात वजा करणं झालं. बाबांनी घड्याळाचं चित्र काढलं आणि वर सेकंदकाटाही काढला. नंदा स्वयंपाकघराच्या दारात हातातलं फडकं पिळत उभी होती. फडकं कोरडं होतं.

"आल्झो, तर मग," डॉक्टर म्हणाल्या, "आता तुमचाच विषय. उत्तरेच्या युद्धात युती कोणाकोणाची होती?"

"डेन्मार्क, सॅक्सनी आणि रशिया," बाबा वर्गात बोलावं तसं बोलू लागले. "डेन्मार्क पहिल्याच वर्षी फुटला. सॅक्सनीच्या ऑगुस्टने सहा वर्षांनी तह केला. प्रशिया काठावर बसून बघत होता."

"आणि पोल्टाव्हानंतर? कोण परत आलं?"

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग नंदाकडे. तिने हळूच हात जोडले.

"कोणी नाही," बाबा म्हणाले. "डेन्मार्क गप्प बसला. सॅक्सनीही. आणि प्रशिया उठून जिंकणाऱ्या स्वीडनच्या पंगतीत जाऊन बसला."

"गेनाऊ, अगदी बरोबर." डॉक्टरांनी खूण केली. "आणि ते शहर? तुमच्या मुलाने अर्जात लिहिलंय."

मिहीरचा प्रामाणिकपणा नंदाला त्या क्षणी अगदी नकोसा झाला.

"नातीला झोपवायला रचलेली गोष्ट आहे हो," बाबा म्हणाले. "तुम्हाला नातवंडं नाहीत वाटतं अजून."

डॉक्टर मनापासून हसल्या. फाइल मिटली. तब्येत चांगली आहे, घरीच राहू दे, तसाच अहवाल देते, असं त्यांनी दारातच सांगून टाकलं. जाताना कढीपत्त्याचं एक पान चुरगाळून हुंगलंसुद्धा.

दार बंद झालं आणि नंदाचा जीव भांड्यात पडला. तिला रडूही आलं, भूकही लागली. मिहीरला फोन करून तिने आधी बातमी दिली, मग अर्जाबद्दल खरडपट्टी काढली. बाबांना शिरा आवडतो म्हणून कढईत तूप घातलं, रवा भाजायला घेतला. घर वाचलं होतं. आठ दिवसांत पहिल्यांदाच तिचे खांदे सैल झाले.

"दमवलंस मला," बाबा खुर्चीत रेलून म्हणाले. "पण घर राहिलं. उर्जाचं चित्र कुठे ठेवलंस? ते दे बघू."

गॅस बारीक करून तिने नकाशांचं पुस्तक काढलं. चित्र उत्तर युरोपाच्या पानात होतं. बाड हॉम्बुर्गपासून थेट नेवा नदीच्या मुखापर्यंत सगळा मुलूख स्वीडनच्या निळ्या रंगात, कोपऱ्यात तीन मुकुट. नदीच्या मुखाशी नेहमीप्रमाणे दलदलीच्या खुणा, आणि एका जुन्या किल्ल्याचा बारीकसा ठिपका.

चित्राखाली उर्जाने वळणदार अक्षरात त्या शहराचं नाव लिहिलं होतं. आता बोलायला हरकत नव्हती. नंदाने ते मोठ्याने वाचलं आणि तिला हसू आवरेना.

"बाबा, असलं नाव तरी तुम्हाला सुचलं कुठून? म्हणे सेंट पीटर्सबर्ग!"