मागच्या दाराची पायरी

पायरी अजून होती. मागच्या दारातून सिमेंटच्या अंगणात उतरायची एकुलती एक पायरी. कुंपणाकडून तपकिरी फळ्या एकेक करत तिच्याकडे सरकत येत होत्या.

म्हातारी दारात उभी होती. सकाळपासून ती एकच वाक्य ओठांवर घेऊन दारात येत होती, की पायरी तेवढी राहू द्या. पण ओठांवरचं ओठांवरच राहायचं आणि तोंडातून भलतंच निघायचं. आधी पाणी विचारून झालं, मग चहा. मग काहीच सुचेना तेव्हा तिनं ऊन लागत नाही ना, असं विचारलं.

सुतार फळी धरायचा, त्याची बायको गुडघ्यांवर बसून स्क्रू आवळायची. हातांबरोबर दोघांची तोंडंही चालू होती.

"पाणसळ ठेवून बघ आधी. बुडबुडा कुठं पळालाय तुझा?"

"माझा बुडबुडा जागेवर आहे. तुझीच मान वाकडी आहे."

म्हातारीला हसू आलं. ह्या घरात कुणी कुणाला असं टाकून बोलल्याला बराच काळ लोटला होता.

थंडीत ती ह्याच पायरीवरून घसरली होती. मनगट मोडलं. मुलगा धावत आला, प्लास्टर सुकेपर्यंत राहिला आणि जाताना म्हणाला, "आई, एक तर ही पायरी जाईल, नाहीतर तू माझ्याकडे येशील. तूच ठरव." तिनं ठरवलं. मुलानं लगेच दाराच्या उंबऱ्याला समतल असा डेक, म्हणजे पायरीसकट अंगण झाकणारा ओटा, सांगून टाकला. भुसा आणि प्लास्टिक दाबून केलेल्या फळ्यांचा, न कुजणारा, वाळवी न लागणारा. तिथं टाकायला खुर्चीही पाठवली. ती कोपऱ्यात खोक्यात होती. एकच होती.

संध्याकाळचा चहा आपण पायरीवर बसून पितो, हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं. ह्यांच्याबरोबर प्यायची, आणि हे गेल्यावरही तिथंच. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, आई, खुर्ची आहे ना.

"दोन फळ्यांमध्ये एवढी फट का गं?" तिनं विचारलं.

"उन्हानं फुगतात मावशी," सुताराची बायको म्हणाली. "जागा नाही ठेवली तर एकमेकींना ढकलत वर उठतात."

"आमच्यासारख्या," सुतार म्हणाला.

"तू गप. तुला फट ठेवली तर तू तिथंच झोपशील."

दुपारी दोघं डबा घेऊन पायरीवर बसली. दुसरीकडं बसायला जागाच नव्हती, सगळीकडे भुगा आणि अवजारं. म्हातारी आत भांडी घासत होती. दार उघडंच होतं.

"सरक ना जरा."

"अजून किती सरकू? भिंतीत शिरू?"

"शीर. मला तरी ऐसपैस बसता येईल."

म्हातारीचा हात थांबला. नळ वाहत राहिला. हे असेच पाय फाकवून डावीकडची निम्म्याहून जास्त पायरी अडवून बसायचे. ती म्हणायची, सरका ना जरा. ते म्हणायचे, सरकलो तर पडेन की. आणि मग तीच अंग चोरून उजवीकडे, चौकटीला खांदा लावून बसायची. रोजचं होतं. आता सगळी पायरी मोकळी होती, तरी तिचा खांदा चौकटीलाच लागायचा.

तिनं नळ बंद केला, हात पुसले आणि ती दारात आली. आता सांगायचंच.

दोघं उठली होती. शेवटची फळी सुताराच्या हातात होती. पायरीवर डब्यातले दोन-चार कण सांडले होते, ते त्याच्या बायकोनं फडक्यानं टिपून घेतले.

"मावशी, ही बसली की झालं. खाली काही राहिलंय का? चमचा, कानातलं, काहीही. नंतर निघायचं नाही."

म्हातारीनं पायरीकडे पाहिलं. मधोमध ती जरा गुळगुळीत झाली होती. मग तिला मुलाचा तो आवाज आठवला, तूच ठरव म्हणणारा.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही राहिलं."

फळी बसली. स्क्रू फिरले. भिंतीशी तेवढी बोटभर फट उरली.

सुतारानं टेम्पो सुरू केला. वळणापर्यंत बायकोचा आवाज ऐकू येत होता, बहुधा तो वळणच चुकला होता. मग तो आवाजही थांबला.

फोन वाजला.

"आई, झालं का सगळं समतल?"

"अगदी. चेंडू ठेवला तर जागचा हलणार नाही."

"खुर्चीत बसून बघितलंस?"

"बसते ना."

"आता मला घोर नाही बघ."

"नको करूस घोर," ती म्हणाली.

खोकं तिनं उघडलं नाही. चहाचा कप घेऊन ती मागच्या दाराशी आली आणि चौकट धरून हळूच उंबऱ्यावर टेकली. पाय खाली सोडायला गेली, तर खाली असं काही उरलंच नव्हतं. पाय सरळ समोर पसरले, टाचा फळ्यांवर, बोटं आभाळाकडे. कुणीतरी लहान पोरीला उचलून आणून ठेवावं तशी ती बसली. फळ्या अजून उन्हानं कोमट होत्या.

थोडा वेळ ती आपल्या पायांकडेच बघत राहिली. मग कप बाजूला ठेवला.

"सरका ना जरा," ती म्हणाली, आणि नेहमीसारखी स्वतःच सरकली.