रुखवताची राखण

कुंदाचं लग्न झालं त्या वर्षीची, वैशाखातली गोष्ट. हळदीच्या दुपारी तिची वहिनी शलाका न्हाणीघरातून नाचतच बाहेर आली. पीसीओडीमुळे तिचं स्त्रीबीज कधी तयार होईल याचा नेम नसे. महिनोन्महिने फिकी राहिलेली तपासणीची पट्टी आज गडद रंगली होती.

मांडवात नवऱ्याला गाठून ती कुजबुजली, "अहो, आजच! डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, असा दिवस दवडू नका."

"अगं, माळ्यावरसुद्धा पाहुणे झोपलेत!"

शेजारी हळद कालवणाऱ्या सासूबाईंच्या कानावर ते गेलंच. शलाकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कमरेची किल्ली काढून सासूबाई साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शेजारच्या घरात रुखवत मांडलंय, राखायला कोणी नाही. जा दोघं! आणि आतून कडी लावा, मांजर लाडवांवर टपलंय."

"एका मांजराला दोघं कशाला?" आत्याबाईंनी विचारलं.

"फार दांडगं आहे हो!"

तोंडावर हात दाबून दोघं पळत सुटली.

माघात शलाकाला मुलगी झाली. नात घरभर दुडूदुडू चालू लागल्यावर, पुढल्या फाल्गुनात, सासूबाई वारल्या.