विसराळू माणसाचं टेबल

टेबल वर्गाच्या मधोमध ठेवून गुन्ह्याची जागा अडवतात तशी त्याभोवती सुतळी बांधली होती. शेवटच्या बाकावरून तिला ते पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. स्वप्नात असतं तसं: सामान आपलं, भिंती दुसऱ्याच कुणाच्या.

विद्यापीठातला रहस्यकथा-लेखनाचा हा पहिलाच वर्ग. तिच्या देणगीतून, तिच्या वडिलांच्या नावानं सुरू झालेला. देणगीबरोबर वर्गाच्या मॅडमनी वडिलांचं लिहिण्याचं टेबलही मागून घेतलं होतं. "पुसू नका, आवरू नका, खण उघडूही नका," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. खण न उघडणं तिला सोपं होतं. बाबा गेल्यापासूनचे आठ महिने ती तेच करत होती.

मुलांना ती कोण हे ठाऊक नव्हतं. कार्यालयातून कोणी बाई तपासणीला आल्या असतील, अशा समजुतीनं मुलं जरा सांभाळून बसली होती.

"मेला कसा ते विचारत नाही," मॅडम म्हणाल्या. "जगला कसा ते टेबलावरून सांगा. या माणसानं बावीस रहस्यकथा लिहिल्या आणि एक दिवस लिहिणं बंद केलं. का?"

उत्तर तिला माहीत होतं. एकोणिसाव्या वर्षी, मोठी मोठी पुस्तकं नुकतीच हातात येऊ लागली होती तेव्हा, जेवताना ती म्हणाली होती, "बाबा, तेच ते खून. एकदा खरंखुरं काही वाचून तरी बघा." बाबा हसले होते. त्यानंतर त्यांचं पुस्तक आलं नाही. देणगीच्या कागदावर सही करताना तिला ती त्या वाक्याखालीच केल्यासारखी वाटली होती.

"डावखुरा," एक उंच मुलगा म्हणाला. "कपाचे सगळे डाग डावीकडे आहेत."

"अरे शहाण्या, उजव्या हातात पेन असलं की कप डावीकडेच येणार ना," चष्मेवाली म्हणाली.

"बरं. दिव्याची वायर कुरतडलीय. म्हणजे मांजर नव्हतं."

हशा झाला. मांजर खरंच नव्हतं. बाबांना हवं होतं, आईनं येऊ दिलं नव्हतं.

मग मॅडमनी खालचा खण उघडला. आत रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा होता. विद्यापीठाच्या ग्रंथालयात अर्धवेळ काम करणारी एक मुलगी पुढे वाकली. "ही आमची स्मरणपत्रं. मुदत उलटली की सभासदाला पाठवतो. साठेक तरी असतील. सभासद क्रमांक मात्र सगळ्यांवर एकच." तिनं क्रमांक वाचायला घेतला. शेवटचे दोन आकडे शेवटच्या बाकावर मनातल्या मनात आधीच म्हणून झाले.

"मिटलं की मग," उंच मुलगा म्हणाला. "विसराळू माणूस. गोष्टीतले धागेदोरे आठवेनात, म्हणून लिहिणं सोडलं."

विसराळू तर ते होतेच. ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक तिचं वाचून झालं की बाबा हात पुढे करायचे. "दे, मी टाकतो परत. जाता जाता." काही दिवसांनी तिच्या नावानं कार्ड यायचं. "बाबा, काय हे!" "विसरलो गं." दर वेळी. एकदा तर पाहुण्यांदेखत ती बोलून गेली होती, "तुमच्यावर काही सोपवायची सोय नाही."

चष्मेवाली कार्डं उलटसुलट करत होती. "विसराळू माणूस अशी तारीखवार कार्डं लावून ठेवत नाही. शिवाय प्रत्येकाच्या मागे पेन्सिलनं दोन तारखा आहेत. पुस्तक हातात आलं ती, आणि परत केलं ती. ए, ही पुस्तकं किती पानांची आहेत बघ ना."

ग्रंथालयवालीनं फोनवर यादी उघडली. "हे एकशे वीस पानांचं."

"सहा दिवस ठेवलंय."

"हे सहाशेचं."

"महिना."

"दोनशे."

"दहा दिवस."

खिडकीतलं ऊन टेबलावर चढून बसलं होतं. कपाचे डाग त्यात ओले दिसत होते.

"विसरणं असं पानं मोजून होत नाही," चष्मेवाली म्हणाली. "सभासद दुसरंच कोणीतरी होतं. त्याचं वाचून झालं की हा तेच पुस्तक वाचायचा. दिवसाला वीस पानं. गुपचूप."

"म्हणजे लिहिणं सुटलं असं नाही," उंच मुलगा हळूच म्हणाला. "ह्याला केस मिळाली होती. कुणाच्या तरी मागावर होता हा."

"आणि त्या कुणाला तरी कळलं?" मॅडमनी विचारलं. शेवटच्या बाकाकडे त्यांनी पाहिलं नाही.

"छे! वर विसराळू म्हणून बोलणी खाल्ली असतील बिचाऱ्यानं."

सगळे हसले. तीही हसली, जरा उशिरा.

खणाच्या तळाशी एक जाडजूड पुस्तक होतं. बाबा गेल्यावर शेवटच्या बाकावरच्या तिनं ते घरभर शोधलं होतं, हा खण सोडून. मधल्या एका पानात बसचं तिकीट खुपसलेलं होतं.

"अय्या, हे तर आम्ही हरवलं म्हणून लिहून टाकलंय!" ग्रंथालयवाली म्हणाली. "द्या मॅडम, मी आजच जमा करते."

शेवटच्या बाकावरून ती उठली. बाकांमधून पुढे आली, सुतळी वर करून आत गेली.

"माझ्याकडे द्या," ती म्हणाली. "मी टाकते परत. जाता जाता."

मॅडमनी पुस्तक तिच्या हातात ठेवलं. मुलं बघत राहिली.

बाहेर आल्यावर ग्रंथालय डावीकडे होतं. ती उजवीकडे वळली, झाडाखालच्या बाकावर बसली, आणि तिकीट होतं ते पान तिनं उघडलं.