दुसरा थेंब

"आई, हळू बोल हां. मी मोजतेय."

घराभोवतीच्या जांभ्या दगडांच्या गडग्यापाशी जुई उकिडवी बसली होती. सुनेत्राने वाकून पाहिलं आणि तिच्या हातातलं सूप गळून पडलं. जुईच्या बोटासमोर, दगडावर, विषारी फुरसं वेटोळं घालून बसलं होतं. अंगाला अंग घासून, चावण्याआधीचा इशारा द्यावा तसं करकर वाजत होतं.

"जुई, मागे हो!"

"थांब ना. याच्या पाठीवरची नक्षी बघ, कशी एकसारखी सरकत जाते!"

हीच पोर गेल्या महिन्यापर्यंत गणिताचं पुस्तक पाहिलं की पोट दुखतंय म्हणायची. मग शाळेत गणिताची भीती घालवणारे थेंब आले. मुलाला एकच थेंब, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर आलेली. आपली मुलगी इतरांच्या जरा पुढे असावी म्हणून सुनेत्राने बाटली मिळवून दुसरा थेंब गुपचूप पाजला होता. त्या दिवसापासून जुई कशालाच भ्यायली नव्हती, आणि सुनेत्रा ते कौतुकाने सगळ्यांना सांगत होती.

आता जुईला धावून ओढावं, तर फुरसं आधी झेप घेईल. भीतीने सुनेत्राच्या तोंडून नेहमीची जुनी धमकी निघाली. ती ऐकली की जुई मुकाट्याने ऐकायची.

"आत ये, नाहीतर सतराचा पाढा म्हणायला लावीन!"

जुईचा चेहरा उजळला. तिने तिथेच ऐसपैस मांडी घातली.

"सतरा एके सतरा," तिने सुरू केलं आणि दगडावर बोटाने ठेका धरला.

फुरशाची करकर थांबली आणि त्याची मान त्या बोटावर रोखून मागे ओढली गेली.