अर्धा स्टार

"अर्धा स्टार खाल्लात की हो!" मिरजेच्या आठल्यांची ही कॉमेंट ठरलेली. जपानच्या ज्युनियर हेवीवेट स्पर्धेतल्या प्रत्येक कुस्तीचा रिव्ह्यू मी ब्लॉगवर लिहितो, पाचपैकी स्टार देतो. वाचक एकच, आठल्ये. भेट कधीच नाही.

यंदा सात रिव्ह्यू झाले तरी आठल्ये गप्पच. आठव्यात मी मुद्दाम हरलेल्यालाच विजयी लिहिलं. एवढी चूक त्यांना सहन होणारच नव्हती.

चौथ्या दिवशी कॉमेंट आली. "काका, मी आठल्यांची मुलगी. बाबा मार्चमध्ये गेले. तुमचे रिव्ह्यू अजून त्यांच्या फोनवर येतात. शेवटचा निकाल चुकलाय. बाबा चिडले असते."

निकाल दुरुस्त केला. मग एकेक रिव्ह्यू उघडून प्रत्येक कुस्तीला अर्धा स्टार वाढवत बसलो.